लग्नाआधी दोघांनी एसटीडीच्या (संबंधातून होणाऱ्या रोगांच्या) टेस्ट करायच्या तर सोलापुरात कुठं आणि नेमक्या कुठल्या?

जुळे_सोलापूरची

नवीन आयडी काढून लिहितेय कारण जुन्या आयडीवर माझी निम्मी भावंडं आहेत. साखरपुडा झाला, लग्न तीन महिन्यांवर आलंय, पुढच्या आठवड्यात बस्ता बांधायला जायचंय आणि मी इथं हे विचारत बसलेय. तर विषय असा की आम्ही दोघंही तिशीच्या आसपासचे, दोघांचंही आधी एकेक रिलेशन होऊन गेलेलं, ते एकमेकांना सांगून झालंय, त्यावर भांडण वगैरे काही नाही. मीच म्हणलं की लग्नाआधी दोघांनी टेस्ट करून घेऊ, तो म्हणाला चालेल. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

आता अडचण. आमच्या घराजवळच्या लॅबमध्ये रक्त काढणारा पोरगा माझ्या चुलत भावाचा वर्गमित्र आहे, म्हणजे रिपोर्ट माझ्या हातात यायच्या आधी आत्याच्या हातात. म्हणून त्याने (तो हिंजवडीला असतो, शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येतो) एक ऑनलाइन पॅकेज पाठवलंय, घरी येऊन रक्त नेतात म्हणे, त्यात एचआयव्ही, व्हीडीआरएल (ती सिफिलिसची), हेपॅटायटिस बी आणि सी, हर्पिसचं आयजीजी आयजीएम (म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी), क्लॅमिडियाचं आयजीजी असं सगळं आहे आणि किंमत बघून डोळे पांढरे झाले. एवढं सगळं लागतं का? आणि घरी माणूस आला तर आई विचारणारच कशाचं रक्त. सिव्हिलला होतं का हे? तिथं बाईने एकटीने गेलं तर कसं बघतात?

आणखी एक, मला कधीकधी अंगावरून पांढरं जातं, खाज नाही वास नाही, पाळीच्या मधल्या दिवसांत जास्त. हे यातलंच काही असेल का?

---

पार्क_चौकातला

दोघांचं एचआयव्ही करा, रक्तगट बघा, थॅलेसेमियाचं बघा, विषय संपला. बाकीचं कंपन्यांनी पैसे काढायला लावलेलं आहे बे सगळं.

---

लॅबवाला_मामा

पार्क चौकवाले, अर्धं बरोबर अर्धं चूक. थॅलेसेमियाचं चांगलं सांगितलंत, ते कराच, पण एचआयव्ही करून विषय संपत नाही.

ताई, मी याच धंद्यातला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, ते पॅकेज घेऊ नका. त्यातलं निम्मं कामाचं आहे आणि निम्मं तुमची झोप उडवायला आहे. एचआयव्ही, व्हीडीआरएल, एचबीएसएजी म्हणजे हेपॅटायटिस बी, या तीन कराच, सी पण करायची तर करा, कधी बाहेर रक्त चढवलं असेल किंवा टॅटू काढला असेल तर नक्की करा. पण हर्पिसचं आयजीजी? जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात हर्पिसचा टाइप वन व्हायरस आहे, बहुतेकांना तो लहानपणीच येतो, कुणीतरी पापा घेतला आणि आला, तापानंतर ओठावर जर उठतो ना तो हाच. आता काही पॅकेजमध्ये वन आणि टू (टू म्हणजे मुख्यतः संबंधातून येणारा) वेगळं करून देत पण नाहीत, नुसतं पॉझिटिव्ह छापून येतं आणि पोरगा पोरगी एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. आयजीएमचा तर काही भरवसाच नाही, खोटं पॉझिटिव्ह पुष्कळ येतं. हर्पिसचे फोड आलेत, दुखतायत, पाणी भरलंय, तर त्या फोडाचं पाणी तपासायचं असतं. काहीच त्रास नसताना रक्तात शोधत बसायचं नसतं.

क्लॅमिडियाचं तसंच. रक्तातल्या आयजीजीवरून आत्ता इन्फेक्शन आहे की नाही हे कळत नाही. क्लॅमिडिया आणि गोनोरिया, म्हणजे आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात तो, हे बघायचे तर लघवीची किंवा आतल्या स्वॅबची पीसीआर करायची. सोलापुरात सॅम्पल घेतात, पण बहुतेक लॅब ते पुण्या-मुंबईला पाठवतात, त्यामुळं महाग पडते आणि रिपोर्टला दिवस लागतात. तरी पैसे खर्च करायचेच असतील तर पॅकेजपेक्षा हिच्यावर करा, कारण क्लॅमिडियात बाईला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. ना जळजळ ना दुखणं, आणि आतल्या आत नळ्यांना सूज येते, मग पुढं मूल राहत नाही म्हणून डॉक्टरांचे उंबरे झिजवायचे.

आणि रिपोर्टपेक्षा तारीख बघा. शेवटचा संबंध कधीचा, त्यावर सगळं अवलंबून आहे. एचआयव्हीची नवीन फोर्थ जनरेशन टेस्ट साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते, नुसतं अँटिबॉडी बघणारी रॅपिड टेस्ट असेल तर तीन महिने धरा. गरमीचं, म्हणजे सिफिलिसचं पण तीन महिने धरलेले बरे. कालचा संबंध आणि आज निगेटिव्ह रिपोर्ट, त्या कागदाचा उपयोग भेळ बांधायला. तुमच्या दोघांचं आधीचं सगळं वर्ष-सहा महिन्यांपूर्वीचं असेल तर काळजी नाही, एकदाच करा.

---

हुतात्मा_पासहोल्डर

मी पोरगा आहे आणि माझ्यावर ही वेळ आलीय त्यामुळं लिहितो. आमचं ठरल्यावर बायकोनेच (तेव्हाची होणारी) सांगितलं टेस्ट करू, मी म्हणलं करू की. सिव्हिललाच गेलो होतो आम्ही. आयसीटीसी म्हणून खोली असते, तिथं आधी समुपदेशक बोलतात, मग बोटातून नाहीतर हातातून रक्त घेतात, एचआयव्हीचं फुकट होतं. मला वाटलं होतं तोंडावर रुमाल बांधून जावं लागेल, पण सिव्हिलच्या गर्दीत कोण कुणाला बघतंय, प्रत्येकाच्या हातात केसपेपर आणि प्रत्येकजण दुसरी लाईन शोधायलाय. नवी पेठेतल्या लॅबपेक्षा तिथं ओळखीचं माणूस भेटायची भीती कमीच.

आता खरी गंमत. व्हीडीआरएल मी खाजगीत केली होती आणि रिपोर्टमध्ये आलं वीकली रिॲक्टिव्ह. नेटवर टाकलं तर आलं सिफिलिस. अरे बाबा, त्या संध्याकाळी माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही. बायकोला फोन करून सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली डॉक्टरला दाखव आधी. स्किनच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, विचारलं मध्ये कधी ताप आला होता का, म्हणलं हो, महिन्याभरापूर्वी चांगला आडवा होतो. ते म्हणाले व्हायरल तापानंतर, मलेरियानंतर, गरोदरपणात, काही संधिवाताच्या आजारात पण ही टेस्ट अशी हलकी पॉझिटिव्ह येते, आता टीपीएचए करा, ती नेमकी सिफिलिसचीच असते. केली, निगेटिव्ह आली. म्हणून सांगतो, व्हीडीआरएलवर लग्न मोडू नका कुणी.

---

साधा_माणूस

चांगल्या घरातली मुलं मुली आहेत ना, मग कशाला हे खूळ? लग्नाआधीच संशय घेतला तर पुढं संसार कसा होणार? आमच्या वेळी कुणी टेस्ट केल्या नाहीत, चाळीस वर्षं झाली, काही झालं नाही.

---

कडक_भाकरी

काका, हेपॅटायटिस बी घर बघून येत नाही. तो आईकडून बाळंतपणात येतो, दाढीच्या ब्लेडवरून येतो, न उकळलेल्या सुईवरून येतो, आणि मग नवऱ्याकडून बायकोला संबंधातून जातो. याच्यात चारित्र्य कुठनं आलं? आणि गरोदर राहिल्यावर सरकारी दवाखान्यात प्रत्येक बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करतातच, तेव्हा कुणी संशय म्हणत नाही. तीच तपासणी चार महिने आधी झाली आणि नवऱ्याची पण झाली तर आभाळ कोसळतं का?

ताई, तुझ्या पांढऱ्याचं सांगते. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, अंड्याच्या बलकाभोवती असतं तसं चिकट जातं ते नॉर्मल, ते बीज सुटायच्या वेळचं. दह्यासारखं घट्ट आणि खाज असली तर बुरशी, ती डायबिटिसवाल्या बायकांना, अँटिबायोटिक घेतल्यावर पण होते, ती काही एसटीडी नाही. पिवळं हिरवं, फेसाळ, वास मारणारं, किंवा संबंधानंतर रक्त, ओटीपोट दुखणं, यातलं काही असेल तर गायनॅककडे जायचं. आणि कृपा करून त्या इंटिमेट वॉशने आतून धुवू नकोस, त्यानेच बिघडतं, बाहेरून साधं पाणी पुष्कळ झालं.

आता मुद्द्याचं, जे इथं कुणीच बोललं नाही. एचपीव्हीची लस. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला हाच व्हायरस कारणीभूत, त्यातले १६ आणि १८ नंबरचे प्रकार मिळून साधारण ७० टक्के कॅन्सर करतात. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, बाहेरची गार्डासिल आधीपासून होतीच. खरं तर ही ९ ते १४ व्या वर्षी घ्यायची, तेव्हा दोनच डोस लागतात. पंधरा पूर्ण झाली की तीन डोस, सहा महिन्यांत. तिशीत फायदा कमी होतो पण शून्य होत नाही, डॉक्टरला विचारून ठरव, आणि मूल लगेच हवं असेल तर डोसांचं गणित आधी बसव कारण गरोदरपणात ही देत नाहीत. लस घेतली तरी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, चुकवायची नाही. पुरुषांसाठी एचपीव्हीची अशी नेहमीची टेस्ट नाहीच, त्यामुळं त्याचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले तरी हा व्हायरस नाहीच असं होत नाही. माझ्या नणंदेच्या मुलीला मीच बारावं लागल्यावर नेऊन दिली, सासूबाई विचारत होत्या कशाची लस, म्हणलं कॅन्सरची. संपला विषय. तसं म्हणलं की घरात कुणी हरकत घेत नाही हे लक्षात ठेवा सगळ्यांनी.

हेपॅटायटिस बीची पण आपल्या वयाच्या पुष्कळ लोकांना लहानपणी मिळालेली नाही. आधी टेस्ट, निगेटिव्ह असेल तर दोघंही टोचून घ्या, आज, एक महिन्यानं, सहाव्या महिन्यात. स्वस्त असते ती.

---

पार्क_चौकातला

ते ठीक आहे पण निरोध वापरला की कशालाच टेस्टची गरज नाही ना?

---

कडक_भाकरी

आहे. निरोधने एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया यांना चांगला आळा बसतो, पण हर्पिस, एचपीव्ही, सिफिलिसचा व्रण हे कातडीला कातडी लागून पण पसरतात आणि निरोध जेवढं झाकतो तेवढंच झाकतो. धोका कमी होतो, संपत नाही. आणि तोंडाने केलं तर काही होत नाही असं समजणारे तर ढिगाने आहेत, त्यातूनही परमा, सिफिलिस, हर्पिस होतात.

वापरायचं पण लोकांना कळत नाही. पाकिटात नोटांबरोबर सहा महिने ठेवलेला, मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेला, तो फाटणारच. खोबरेल तेल आणि व्हॅसलीन लावतात, त्याने रबर कमजोर होतं, पाण्याचं जेल घ्या. दोन एकावर एक घालणारे महाभाग पण आहेत, घासून दोन्ही फाटतात. आणि कॉपर टी किंवा गोळ्यांनी फक्त दिवस राहत नाहीत, रोग थांबत नाहीत.

---

समुपदेशक_ताई

मी या कामात होते, आता सोडलंय, त्यामुळं मोकळेपणाने लिहिते.

सरकारी दवाखान्यात दोन वेगळ्या जागा असतात ते आधी समजून घ्या. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत. आणि फोड, व्रण, लघवीला जळजळ, पू जाणं, जांघेत गाठ, अंगावरून जाणं यासाठी सुरक्षा क्लिनिक, ते स्किन किंवा गायनॅकच्या ओपीडीबरोबर असतं. तिथं औषधांचे रंगीत किट मिळतात, करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा असे सात रंग, लक्षण बघून डॉक्टर कुठला द्यायचा ठरवतात आणि तो फुकट असतो. जोडीदारासाठी पण देतात, आणि सगळी गाडी इथंच अडते. नवरा येतो, करडा किट घेऊन जातो, बायकोचं घेतच नाही, कारण तिला काय सांगणार. त्याचं बरं होतं, तिच्यात राहतं, महिन्याभराने तो परत आमच्यासमोर उभा की तुमच्या गोळ्या चालत नाहीत. एकट्याने औषध घेऊन हे बरं होत नाही, आणि औषध घेतल्यावर दोघांनी निदान सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे मेडिकलवरून गोळी. एमआयडीसीतली, लूमवरची पोरं यायची, आधीच कुणीतरी सिप्रोच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, दोन गोळ्या दिलेल्या असायच्या. परम्याला ती आता चालत नाही, जंतू तिला केव्हाच सोकावलेत. पू कमी होतो, पोरगा खूश, रोग आत तसाच. आणि सिफिलिस तर औषधाशिवाय पण दिसेनासा होतो, हेच लोकांना पटत नाही. साधारण तीन आठवड्यांनी एक व्रण येतो, दुखत नाही, कुणी लक्ष देत नाही, महिन्या-दीड महिन्यात आपोआप भरतो. मग पुढं कधीतरी तळहातावर तळपायावर पुरळ, तेही जातं. माणूस म्हणतो गेलं. ते गेलेलं नसतं, वर्षांनी हृदयावर, मेंदूवर निघतं, आणि बाई गरोदर असली तर बाळाला. वेळेत आला तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनचं काम असतं.

उलट घाबरून येणारे पण पुष्कळ. दिवसभर लूमवर घाम, जीन्स, जांघेत गजकर्ण, आणि पोराला वाटतं आपल्याला एड्स झाला. त्यात मेडिकलवाल्याने दिलेली ती स्टेरॉइडवाली मलम चोळून गजकर्ण हातभर पसरवलेलं. लिंगाच्या टोकाभोवती बारीक मण्यांसारखे एकसारखे ठिपके असतात ते कित्येक पुरुषांना वयात आल्यावर आपोआप येतात, तो रोग नाही, त्याला औषध नाही आणि लागत पण नाही. स्टँडच्या भिंतीवर गुप्तरोग खात्रीने बरे असं रंगवलेलं असतं ना, त्यांचं दुकान अशा न झालेल्या रोगांवर चालतं.

जुळे सोलापूरची, तू एकटी गेलीस तर कुणी काही विचारणार नाही, आणि समजा कुणी विचारलंच तर सांगायची गरज नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुझ्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट घरच्यांना दाखवता येत नाही. पण खरं सांगू का, दोघं मिळून जा. आधी १०९७ ला फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

---

जुळे_सोलापूरची

एवढं सगळं वाचून आता जरा धीर आला. साधा माणूस काका, संशय नाही हो, उलट संशय असता तर मी असं तोंडावर विचारलंच नसतं.

तो वाचतोय हे, त्याने दोन प्रश्न पाठवलेत तसेच टाकते. एक, समजा कुणाचं एचआयव्ही पॉझिटिव्ह आलंच तर लग्न कॅन्सलच का? दोन, लघवीच्या टेस्टला आणि रक्ताला उपाशी यायचं का, कारण त्याला सकाळी चहा नाही मिळाला तर तो कुणाशी बोलत नाही.

---

समुपदेशक_ताई

पहिल्याचं मी सांगते. आधी एका टेस्टवर पॉझिटिव्ह ठरवतच नाहीत, त्रास नसलेल्या माणसाचं रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच सांगतात. आणि आलंच तर एआरटी सेंटरवर औषध फुकट चालू होतं, रोज घ्यायचं, कायमचं. औषध नीट चालू असेल आणि व्हायरल लोड टेस्टमध्ये (रक्तात व्हायरस किती आहे ते बघणारी) व्हायरस सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. माझ्यासमोर अशी जोडपी संसार करतायत, मुलं निगेटिव्ह आहेत. लग्न करायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवायचं, पण ठरवताना हे माहिती पाहिजे.

हे पण सांगून ठेवते, इथं वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. निरोध फाटला, जबरदस्ती झाली, असं काही झालं तर ७२ तासांच्या आत सिव्हिलला जायचं, एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या असतात. ७२ तास म्हणजे तिसऱ्या दिवशी जायचं असं नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टीत जायचं, जितकं लवकर तितकं चांगलं.

---

लॅबवाला_मामा

उपाशी नको, जावईबापूंना चहा पाजा, वर शेंगाचटणी भाकरी पण चालेल. फक्त लघवीच्या पीसीआरला आधी निदान एक तास लघवीला गेलेलं नको, आणि धार सुरू होताना पहिली जी येते तीच बाटलीत घ्यायची. नेहमीच्या लघवीच्या तपासणीला मधली धार घेतात, म्हणून लोक इथं पण तशीच देतात आणि सॅम्पल वाया जातं. अँटिबायोटिक चालू असेल तर आधी लॅबला सांगा.

आणि तो शनिवारी रात्री येणार, रविवारी आयसीटीसी पण बंद आणि आमचं कुरियर पण बंद, त्यामुळं एक सोमवार सुट्टी टाकायला सांगा. सकाळी लवकर दोघं सिव्हिलला एचआयव्ही आणि व्हीडीआरएल उरकून घ्या, मग पीसीआरचं सॅम्पल बाहेर कुठल्या पण लॅबला द्या, फक्त तुमच्या चुलत भावाच्या मित्राकडे नको.